फोटोत मात्र आम्ही पुढं

आज कबनूरला आमच्या गल्लीतल्या यंत्रमागांच्या शेडवर सोलर बसवायची बैठक झाली. आम्हा बायकांना मागं बसवलं.

शेजारच्या रेहानाभाभींनी विचारलं, "मागाच्या धोट्यात बसत्यात त्या सुताच्या कांड्या आम्ही घरात मशीनवर भरतोय. लाईट गेली की ते बी बंद पडतंय. आमच्या घरावर सोलर बसणार न्हाय व्हय?"

बैठकीचे अध्यक्ष हसले. "भाभी, ते घरातलं काम हाय की. ह्यो धंद्याचा प्लॅन हाय."

अहो, कांडीशिवाय तुमचा माग चालतो का?

प्लॅनवर सह्या झाल्या आणि लगेच हाका सुरू. "भाभी, वहिनी, पुढं या! फोटोत महिला दिसायला पाहिजेत."

मघाशी ग्रुपवर फोटो आला. खाली लिहिलंय, 'महिलांच्या सहभागातून सौर आराखडा'. पहिल्या रांगेत भाभी आहेत. त्यांच्या घरी आत्ताही लाईट गेलीय.

तुमच्याकडं बायकांना कधी बोलावतात हो, ठरवताना की फोटो काढताना?