वहिनींच्या डोळ्याची बाहुली

आमच्या थोरल्या वहिनी भिंतीकडे तोंड करून पडल्या पडल्या सगळं घर चालताना ऐकायच्या. "दूध वर आलंय, बघा कोनीतरी." "तांबड्या गाईनं दावं सोडलं." उठून बघावं तर खरंच असायचं. नेवाशाजवळच्या आमच्या गावात त्यांच्याइतका बातमीदार नव्हता, आणि हा बातमीदार अंथरुणातून हलत नव्हता.

"एवढं समजतं तर उठायला काय हुतं?" हा दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, रोजचा सवाल. वहिनींचं उत्तरही ठरलेलं. "मी झोपत न्हाई वो. नुसती पडते." त्यावर मी म्हणायचो, "वहिनी, दोन्हीला गोधडी एकच लागते." घर हसायचं. मी त्यांना 'पडीक रान' असं नावही ठेवलं होतं. घरातला विनोदी माणूस हा माझा लौकिक असल्या वाक्यांवर उभा होता.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'नैराश्य' लिहिलं, गोळ्या दिल्या. दादाला ते पटलं नाही. त्यानं वहिनींच्या भावाला फोन केला, "पुढच्या रविवारी जीप घेऊन या. बरी झाली की धाडा." असं माहेरी धाडलेलं माणूस परत येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "माझ्या गोळ्या तेवढ्या बरुबर द्या."

डॉक्टरीणबाई तेव्हा एक अभ्यास करत होत्या. माणूस शांत बसला असताना डोळ्याच्या बाहुलीवरून त्याचा मेंदू किती जागा आहे, ते त्या मोजायच्या. वहिनींना त्यांनी बोलावलं. डोळ्यांची तपासणी म्हटल्यावर मी शहाणपणा केला. आदल्या दिवशी वहिनींना चष्मेवाल्याच्या शिबिरात नेलं, डोळ्यांत थेंब टाकून घेतले. नगरला पोचलो तर बाहुल्या अजून वाटीएवढ्या. "अहो, जे मोजायचं तेच तुम्ही ताणून आणलंत," बाई म्हणाल्या. पुढची वेळ मिळाली ती थेट शनिवारची. दुसऱ्या दिवशी जीप येणार होती.

शनिवारी चहासुद्धा न घेता गेलो. अंधारी खोली, डोळ्यांवर कॅमेऱ्याचा मोठा चष्मा, दहा मिनिटं गप्प बसायचं. तुलनेला धडधाकट माणूसही हवा होता, म्हणून मी बसलो. संगणकावर बाहुलीच्या मापाची रेघ उमटायची; माझी रेघ दुसऱ्याच मिनिटाला डुलायला लागली, बाहुली बारीक होत गेली, आणि पुढे मला हलवून उठवावं लागलं. वहिनींची रेघ मात्र दहाही मिनिटं ताठ, बाहुली मोठीच्या मोठी.

"एवढ्यावरून आजार ठरत नाही, आम्हीही शिकतोय," बाई म्हणाल्या. "पण यांचा मेंदू विसावतच नाही. पहाऱ्यावर उभा असल्यासारखा आहे. थकणार नाहीत तर काय?"

येताना एस्टीत वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्यांना तुमीच सांगा. माझ्यानं न्हाई व्हायचं."

मी सांगितलं. या खेपेला विनोद न करता. दादानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाला, "म्हंजी ती जागी हुती? आपन सगळे तिच्याबद्दल बोलायचो तवा?"

"व्हय."

"सगळं?"

मी मान डोलावली. रविवारी जीप आली, पाहुण्यांनी चहा घेतला आणि जीप रिकामी गेली.

वहिनी खडखडीत बऱ्या झाल्या असं नाही. गोळ्या बदलल्या. काही दिवस उठायच्या, काही दिवस नाही. नाही उठल्या तर दादा गुमान धारेला बसायचा. गेल्या पावसाळ्यात कावीळ झाली आणि त्या गेल्या.

त्याआधी एकदा दुपारी मी त्यांच्या अंथरुणाशी बसलो होतो. माफी मागायचं मनात होतं, पण मला विनोदाशिवाय बोलता येत नाही. त्याच म्हणाल्या, "भावजी, मनाला लावून घेऊ नका. तुमच्या बोलन्यावर मलाबी लई हसू यायचं. फक्त तोंडापातुर पोचायचं न्हाई."