मोज्यातल्या तीन बाटल्या

आमच्या खोलीत खुर्च्या होत्या, पण मामा बसायचेच नाहीत. शनिवारी संध्याकाळी आमच्याच खोलीत राहणारा, बेकरीत कामाला जाणारा बेकरीवाला आणि मी ग्लास घेऊन सोफ्यावर पसरलो, की मामा आपला ग्लास घेऊन स्वयंपाकघरातून बाल्कनीत आणि बाल्कनीतून पुन्हा स्वयंपाकघरात. दिवसभर उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे, तरी पाय थकत नसत. मध्येच थांबून आमच्या जिन्यातल्या लिफ्टचा आवाज ऐकत आणि म्हणत, "घासतेय. कुणाला पडलंय!"

ते माझे सख्खे मामा नव्हेत. मी या देशात नवीन आलो तेव्हा त्यांनी मला जाड कोट घेऊन दिला आणि दुकानाबाहेर येईपर्यंत त्या कोटाला नावं ठेवली. तेव्हापासून मामा.

नावं ठेवणं हा त्यांचा जोडधंदाच. इथला पाव रबरी, इथलं ऊन नुसतं दाखवायला, आणि बिअर तर विचारूच नका. बेकरीवाल्याला गव्हाची गढूळ बिअर आवडायची. मामा म्हणत, "पीठ मळून हात धुतलेस, तेच पाणी पितोयस." मला काळी आवडते. "करपलेलं पातेलं विसळलंस की काय?"

"मग तुमची कुठली?"

"आपल्याकडची. साधी, पिवळी. पहिल्याच घोटाला जीभ धरून ठेवते. इथं कुठली मिळायला!"

हे ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

मग एक दिवस घरून, मायदेशातून, मामींचा फोन आला. लेक आता कॉलेज संपवून नोकरीला बाहेर पडेल, घर रिकामं होईल. यायचं तर आत्ता या. मामांनी राजीनामा दिला. साहेबांना माणूस सोडवत नव्हता. ते म्हणाले, सोमवारपर्यंत मन बदललं तर कागद फाडून टाकतो. त्या एका वाक्याने मामांचा जीव टांगणीला लागला. बॅग भरायचे, उपसायचे. "जाऊ का रे?" असं विचारायचे. "जा" म्हटलं तर चिडायचे, "थांबा" म्हटलं तरी चिडायचे. मीही चिडायला लागलो. खरं सांगायचं तर ते जाणार याचाच मला राग येत होता.

त्याच शनिवारी बेकरीवाला सुट्टीवरून परतला आणि त्याने टॉवेलात गुंडाळलेली बाटली काढून टेबलावर ठेवली. आपल्याकडची! मामांचा चेहरा असा उजळला की मला खोडी काढावीशी वाटली. शिवाय दर शनिवारी तिचीच तारीफ ऐकायची, याचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा होता. मी इथल्या दोन पिवळ्या बाटल्या आणल्या, मामांच्याच बॅगेतले लोकरी मोजे तिन्ही बाटल्यांवर चढवले आणि म्हणालो, "ओळखा."

"धुतलेले आहेत ना रे?" बेकरीवाल्याने विचारलं.

"नाही ओळखली तर राजीनामा मागे घेतो," मामा म्हणाले. हसत म्हणाले, पण हात ग्लासाभोवती आवळलेला होता.

पहिल्या बाटलीचा घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. "हे काय? बादली विसळलेलं पाणी." दुसरीला नुसती मान हलवली. तिसरीचा घोट घेतला आणि मामा चक्क खुर्चीत बसले. डोळे मिटले. "हीच. हीच रे ती."

मोजे मीच चढवले होते. तिसरी आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातली, मामा दर शनिवारी जिला शिव्या घालत तीच. खोटं बोलावं असं मनात आलं, पण तेवढ्यात बेकरीवाल्याने मोजा ओढला.

मामांनी लेबल वाचलं. बाटली फिरवून पुन्हा वाचलं. उठले, बाल्कनीत गेले, परत आले.

"जी चव रोज आठवत होतो तीच ओळखता येत नाही. मग घर काय ओळखणार मी? तिथं जाऊन परक्यासारखा बसू?" त्यांचा आवाज चढला होता. त्यांनी साहेबांचा नंबर काढला, मग तो सोडून मामींना फोन लावला आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. स्पीकर चालूच होता.

पलीकडे मामी हसायला लागल्या.

"अहो, इथं असताना तुम्ही सोड्याच्या पुढे कधी गेलात? बिअर प्यायला तिकडेच शिकलात! सुट्टीवर आलात तरी तुमच्या बाबांच्या धाकाने बाटली घरात आणली नाहीत. ओळखणार कुठून?"

आम्ही दोघं मामांकडे बघतच राहिलो. मामा भिंतीकडे बघत होते.

"पण मला आता तिथलं काहीच नाही आवडलं तर?" त्यांनी हळूच विचारलं.

मामी म्हणाल्या, "नका आवडून घेऊ. इतकी वर्षं तिकडच्याला नावं ठेवलीत, ती मी फोनवर ऐकली. आता इथल्याला ठेवा. पण समोर बसून ठेवा."

मामांनी फोन ठेवला. मोजे गोळा केले, झटकले, बॅगेत कोंबले. चेन अर्ध्यावर अडली.

"कसली भिकार चेन आहे ही," ते म्हणाले आणि गुडघा टेकून ती लावायला बसले.