तंदूरवाल्याची पोती

शहरात कुठून किती धूर निघतो, याचा नकाशा आम्ही युनिव्हर्सिटीत करतोय आणि सेक्टर बावीसमधल्या एका तंदूरवाल्यानं मला रडवलंय. रोज किती कोळसा लागतो, असं विचारलं की तो आधी लस्सी पुढे करतो, मग म्हणतो, "बस जी, थोड़ा-बहुत."

शेवटी वैतागून मी सांगितलं, महिनाभराची रिकामी पोती ठेवा, मीच मोजते.

काल गेले तर पोत्यांचा हा ढीग! घाम पुसत मोजली, वहीत लिहिली. मग तो प्रेमानं म्हणाला, "आपका काम कम न पड़ जाए, इसलिए पड़ोसियों से भी मँगवा लीं."

मी कपाळावर हात मारला. यातली तुमची किती?

त्यानं लस्सी पुढे केली. "बस जी, थोड़ी-बहुत."