शिवेच्या आत

कौसल्या तोंडाची फाटकी होती, हे सावळशेंड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. होती ते बरंच झालं म्हणा, नाहीतर धनीबाई केव्हाच मेली असती.

सावळशेंडा म्हणजे आर्णीच्या अलीकडचं गाव. गावाची एक जुनी रीत होती. कोणी वेडं फिरत आलं, किंवा गावातलंच कोणी वेडं झालं आणि घरच्यांनी हात टेकले, की त्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि शिवेच्या दगडापलीकडं सोडून यायचं. याला शिवपार करणं म्हणत. पलीकडचं गाव त्याला आपल्या शिवेबाहेर काढायचं. असं हाकलत हाकलत ते माणूस कुठं जायचं कोण जाणे! हे काम येसकराचं. दुसरं कोणी त्या दोराला शिवतही नसे, कारण जो दोर धरील त्याच्या घरात वेड शिरतं, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. येसकराच्या घरात शिरलं तर शिरो बापडं, त्याचं कोणाला काय पडलंय!

तो येसकर म्हणजे कौसल्येचा नवरा, मारोती. घुंगराची काठी घेऊन राखण करायची, सांगावे पोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचं, आणि हे. छप्पन सालच्या दसऱ्याला दोघं नवरा-बायको पांढरे कपडे घालून नागपूरला गेले, बौद्ध होऊन आले, आणि मारोतीनं ही सगळी कामं सोडली. काठी मात्र त्यानं आढ्याला खोचून ठेवली. बापजाद्यांची वस्तू, टाकवेना. कौसल्येनं एक दिवस ती खाली काढली, तिचे तुकडे केले आणि चुलीत घातले.

"अवं, हे काय केलं?"

"तुरीचं वरण शिजवलं. बसा जेवाले."

पुढच्या उन्हाळ्यात धनीबाई गावात आली. पलीकडच्या तांड्यावरची बंजारीण. पाठोपाठ दोन लेकरं तापानं गेली, नवऱ्यानं दुसरी केली, आणि ही रानोमाळ हिंडायला लागली. दंडापर्यंत पांढरे चुडे, अंगावर मळलेला घागरा, आणि कडेवर हात असा धरलेला की पाहणाऱ्याला वाटावं, आहे तिथं लेकरू. तांड्यावर कुजबूज सुरू झाली की हिला डाकीण लागली. तिचा सख्खा भाऊ खेमसिंग, पण तोही भिऊन घरात बसला.

एका दुपारी ती थेट पुंडलिकराव पाटलाच्या ओसरीवर चढली. पाळण्यात पाटलाचा नातू झोपला होता. तिनं त्याला उचललं आणि चावडीपुढच्या निंबाखाली जाऊन बसली. मग काय विचारता! बायका ऊर बडवताहेत, गडी काठ्या घेऊन उभे, पण जवळ जायची एकाची छाती होईना. कौसल्या डोक्यावरचा भारा टाकून पुढं झाली आणि धनीबाईजवळ मांडी घालून बसली.

"भूक लागली वं त्याले. ओठ चाटून राह्यला, पाय."

धनीबाईनं पाहिलं. "माही छाती कोरडी हाय," ती म्हणाली.

"मंग त्याच्या मायले देऊ. दूध पेलं का झोपते थे."

धनीबाईनं गुमान लेकरू तिच्या हाती दिलं. लेकराच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता.

तरी पुंडलिकरावांचा राग उतरेना. कसा उतरेल, नातू होता त्यांचा. ते गरजले, "मारोत्या, घे दोर, अन् दिवस बुडाच्या आत हिले शिवपार कर!"

आणि खरं सांगायचं तर मारोतीचा हात पुढं झाला. अंगात भिनलेली सवय. आदल्याच साली, काम सोडण्याआधी, त्यानं एका म्हाताऱ्याला दगडापलीकडं सोडलं होतं. तो पुढं अरुणावतीच्या पात्रात मेलेला सापडला, आणि तेव्हापासून मारोतीला धड झोप लागत नव्हती. कौसल्येनं त्याचा हात धरून मागं ओढला.

"थे काम सोडलं आमी, पुंडलिकराव."

लोक चपापले. एरवी तोंडाची फाटकी असली तरी पाटलाला कौसल्येनं आजवर मायबाप म्हणूनच हाक मारली होती, नाव कधी घेतलं नव्हतं.

"काठी कुठं हाय याची?"

"राख झाली तिची. भांडे घासले म्या तिनं."

"मंग हिले नेईन कोन?"

"ज्याले भेव नसंन त्यानं न्यावं. गाव मोठं हाय तुमचं."

झालं! गाव एकमेकांची तोंडं पाहायला लागलं. पाटलानं एका गड्याला सांगितलं, तर त्याची बायको पोटुशी निघाली. दुसऱ्याची म्हातारी आजारी. तिसऱ्याला नेमकं तेव्हाच वावरात जायचं होतं. कोणीतरी मागून म्हणालं, "पाटील, तुमीच धरा ना," तर पाटीलच मागं सरले. पिढ्यानपिढ्या ही घाण एकाच घराच्या गळ्यात घालून ठेवलेली, आता त्या घरानं मान काढून घेतल्यावर उचलणार कोण? दोर निंबाखाली तसाच पडून राहिला, आणि कौसल्या धनीबाईला हाताला धरून घरी घेऊन गेली.

गावानं त्याचा सूड उगवला. दुकानात मीठ-तेल मिळेना, वावरात मजुरी मिळेना. मारोती आर्णीच्या कापसाच्या जिनात हमालीला जाऊ लागला. एक दिवस तोही वैतागला.

"कौसल्ये, आपल्याच पोटाचे हाल, अन् तू हे एक तोंड आनखी आनलं."

"शिवेभायेर हाकलाचं काम सोडलं ना तुमी? मंग आत ठेवाचं काम कोनं कराचं? नुसतं नाई म्हनून बसलं का झालं?"

संध्याकाळी मारोतीनं आपल्या ताटातली अर्धी भाकर धनीबाईपुढं सरकवली.

घरात ठेवलं म्हणून ती बरी थोडीच होणार होती! रात्ररात्र बडबडायची, जेवायची नाही. कौसल्या तांड्यावर गेली आणि खेमसिंगला त्याच्याच अंगणात उभं केलं. "बहीन तुही, अन् भेवून घरात बसला तू! तिचे चुडे तूच घाल हातात, मीच नेतो तिले दवाखान्यात." साऱ्या तांड्यासमोर हे ऐकल्यावर खेमसिंगनं मुकाट्यानं बैल जुंपले.

यवतमाळचा डॉक्टर तरुण होता, माणूसही भला. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हिला नागपूरला, वेड्यांच्या दवाखान्यात ठेवावं लागेल."

"वापस कवा येईन?"

"ते सांगता येत नाही, बाई."

"मंग हे तं शिवपारच झालं, साहेब! आमच्या गावची शीव जवळ होती, तुमची पार नागपूरपोत गेली."

डॉक्टर भडकला. त्याचंही चुकीचं नव्हतं. वेडानं पिसाळलेलं माणूस खेड्यात सांभाळणं खेळ नाही, हे त्यानं तिला खडसावून सांगितलं. कौसल्येनं ऐकून घेतलं, पण जागची हलली नाही. शेवटी त्यानं नव्यानंच आलेल्या गोळ्या काढल्या. रोज हातानं द्यायच्या, खाणं-झोपणं पाहायचं, आणि ठरल्या दिवशी आणून दाखवायचं. "कोण करील एवढं?" त्यानं विचारलं.

"मी नाई तं कोन?"

पहिले काही दिवस धनीबाई नुसती झोपायची. हात थरथरायचे, तोंडातून लाळ गळायची. कौसल्येला वाटलं, आपण हिला मारून तर नाही टाकली? पुन्हा गाडी, पुन्हा यवतमाळ. डॉक्टरनं गोळी कमी केली. मग हळूहळू ती उठून बसायला लागली, अंगण झाडायला लागली. आणि एका सकाळी तिचा तो कडेवरचा हात खाली आला. तिनं मेलेल्या लेकरांची नावं घेतली आणि हंबरडा फोडला. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली. कौसल्येनं तिला छातीशी धरलं आणि तीही मोठमोठ्यानं रडली.

ही गोष्ट लपून थोडीच राहते? तांड्यांवरून, कोलाम आदिवासींच्या पाड्यांवरून, अगदी पाटलाच्या भावकीतूनही माणसं कौसल्येच्या दारात यायला लागली. कोणाचा भाऊ गोठ्यात बांधलेला, कोणाची सून कोठीत कोंडलेली. कौसल्येनं गाड्या भरल्या आणि सगळ्यांना यवतमाळच्या दवाखान्याच्या आवारात नेऊन बसवलं.

डॉक्टरनं कपाळावर हात मारला. "हे काय आणलंस, बाई?"

"आनता आनता बैलं थकले, साहेब. आता तुमी या. आर्णीच्या बाजारात, महिन्यातून एक डाव."

"तिथं बसू कुठं मी?"

"निंब हाय ना मोठा! आमाले पुरते, तुमाले काहून नाई पुरनार?"

डॉक्टर आला, हं. बाजाराच्या टोकाला टेबल मांडून बसला, आणि कौसल्या बारदान अंथरून माणसं रांगेत बसवायला लागली. दुकानदार खिदळायचे, "येड्याइचा बाजार भरला रे!"

"हो, येड्याइचाच!" कौसल्या तिथूनच ओरडायची. "तुमचं गिऱ्हाईक दिसलं नाई तं इकडं पाहा. तोंड झाकून बसलं असंन."

बासष्ट-त्रेसष्ट साल असेल. एका सकाळी ओरडा झाला की शेजारच्या गावानं आपल्या शिवेवर कोणाला तरी आणून टाकलं. तिथल्या येसकरानंही काम सोडलेलं, म्हणून त्यांनी एका जवान पोराला गाडीला बांधून आणलं आणि दोरासकट दगडाच्या पलीकडच्या अंगालाच लोटून दिलं. तो धुळीत बसून स्वतःचंच डोकं बडवून घेत होता. दगडाच्या अलीकडं अख्खं गाव जमलं. सगळ्यांच्या पुढं पुंडलिकराव, आता काठीच्या आधारानं उभे.

"आपल्या गावचा नाई थो," ते म्हणत होते. "आत येऊ देऊ नोका."

कौसल्येचे गुडघे धरलेले. ती धापा टाकत वाटेनं येतच होती, तेवढ्यात तिला दिसलं, धनीबाई गर्दीतून एकटी पुढं निघाली. चुडे वाजवत ती शिवेचा दगड ओलांडून पलीकडं गेली, पोराशेजारी बसली आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेवले. तो शांत झाल्यावर तिनं त्याच्या कमरेची गाठ सोडली. ज्या दोराला गाव शिवत नव्हतं, तो दोर तिनं नीट गुंडाळून खांद्यावर टाकला.

"दोर मजबूत हाय," ती म्हणाली. "हिरीवर पानी काढाले कामी येईन."

मग पोराला उठवून ती दगडाच्या आत घेऊन आली. वाटेत पुंडलिकराव उभे होते.

"कोन्या गावचा हाय हा, काही ठाव हाय का तुले?"

"आता याच गावचा. सरका जी बाजूले, उपाशी हाय थो."

पुंडलिकरावांनी तिच्या खांद्यावरच्या दोराकडं पाहिलं, आणि सरकले. मागून कौसल्येला हसू आवरेना. डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसत ती मोठ्यानं ओरडली, "धनीबाई, हळू ने वं त्याले! वरण चुलीवरच हाय!"