नानांच्या कॉम्प्युटरातला ‘कचरा’

आधीच सांगून ठेवतो, ज्याला स्क्रू नाही त्यावर माझा विश्वास नाही. भूत, भानामती, अंगात येणं... आमच्या ऑफिसात एकाला कॅन्टीनमध्ये पांढरी साडी दिसायची. तो टेबलक्लॉथ आहे हे मी त्याला हात लावून दाखवलं होतं. तिखटमीठ लावून सांगायची मला सवय आहे, हे अख्खं कोथरूड जाणून आहे. पण आज तिखट नाही. मीठ आहे थोडं.

घरात नवा कॉम्प्युटर आला की त्याला हार घालायचे, तेव्हाची गोष्ट. मी आठवडाभर कंपनीचे सर्व्हर सांभाळायचो आणि रविवारी उरलेल्या पुण्याचे कॉम्प्युटर. माझ्या पायांचा आवाज ऐकूनच मशीन सुरळीत चालायला लागायची, असं लोक म्हणत. (लोक म्हणजे मी.)

आमच्याच सोसायटीत, बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर नाना राहायचे. रिटायर्ड, एकटे. त्यांची बायको माई जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्याआधीच्या दिवाळीत माईंनी कॉम्प्युटरच्या माईकसमोर बसून कॅनडातल्या लेकीसाठी आपले सगळे पदार्थ बोलून ठेवले होते. माईंचा तेवढाच आवाज जगात उरला होता. फाइली इतक्या जड की तेव्हाच्या फोनच्या इंटरनेटवरून पाठवणं अशक्य. आता लेक पुढच्या आठवड्यात येणार होती, आणि कॉम्प्युटर इतका मंदावला होता की माईंनी ‘फोड’ म्हटल्यावर ‘णी’ यायच्या आत नानांचा चहा पिऊन व्हायचा.

“अरे सुहास, हे यंत्र माझ्यापेक्षा म्हातारं झालंय,” रविवारी सकाळी नाना पिशवी घेत म्हणाले. “आतला कचरा काढ. मी मार्केट यार्डातून आंबे घेऊन येतो. फ्रीजमध्ये श्रीखंड आहे. ते माझं आहे.”

मी बसलो. स्क्रीनवर बरोब्बर दोन फोल्डर. एकाचं नाव MAI. त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला आणि हात लावला नाही. दुसऱ्याचं नाव KACHRA. म्हटलं, वा नाना! काय शिस्त! काढायचं ते आधीच गोळा करून ठेवलंय!

तेवीस फाइली. शिफ्ट धरलं, डिलीट दाबलं. ‘नक्की का?’ असं मशीनने विचारलं. मला? एंटर मारलं. शिफ्ट धरून काढलेली फाइल कचरापेटीतही जात नाही, थेट जाते. तरी तिच्या जागेवर दुसरं काही बसेपर्यंत ती हुडकून काढता येते. मी तीही सोय ठेवली नाही. डिस्कची आवराआवर करणारा प्रोग्रॅम लावला, तो तीन तास रंगीत चौकोन इकडून तिकडे हलवत बसला, आणि मी श्रीखंडाकडे वळलो.

नाना दीडच्या सुमाराला आले. खुर्चीत बसले, चष्मा लावला.

“इथे एक फोल्डर होतं.”

“कुठलं, नाना?”

“कचरा.”

“काढला ना! तुम्हीच म्हणालात की. माईंचं जसंच्या तसं आहे, बघा.”

“त्यात तिचे दवाखान्याचे कागद आहेत, आवाज नाही,” नाना म्हणाले. “ते काढलं असतंत तरी चाललं असतं, सुहासराव.”

सुहासराव! पुण्यात माणूस ओरडला तर वाचायची आशा असते. अहो-जाहो सुरू झालं की संपलं. मला इतका घाम फुटला की कीबोर्ड बाजूला ठेवावा लागला. फाइली शोधून काढायचं माझ्याकडचं एकूण एक सॉफ्टवेअर चालवलं. कुठलंतरी पाच वर्षांपूर्वीचं रेल्वेचं टाइमटेबल वर आलं. माईंचं अक्षरही नाही.

“पण नाना... असं नाव का ठेवलंत हो?”

“माझं कागदोपत्री नाव माहितीय?”

“नाना...”

“कचरू. माझ्या आधीची दोन भावंडं तान्हेपणी गेली. मी झालो तेव्हा आईने मला उकिरड्यावर लोळवलं आणि कचरू नाव ठेवलं. म्हणजे न्यायला येणाऱ्याला वाटावं, हे काय न्यायचं! अडुसष्ट वर्षं झाली, कोणी नेलं नाही. म्हटलं, चांगलं चालतंय.”

नाना उठले आणि त्यांनी भिंतीवरचं बटण सरळ बंद केलं.

“नाना! असं बंद करतात?”

“तू डिलीट करतोस तसंच.”

एक आंबा सोलून होईपर्यंत त्यांनी मशीन तशीच ठेवली. मग बटण लावलं. स्क्रीन उजळली.

MAI. आणि शेजारी KACHRA.

मी जी किंकाळी फोडली, ती कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातल्या वाघाने ऐकली असणार. तेवीसच्या तेवीस फाइली! नानांनी रसाने बरबटलेल्या बोटाने माऊस दाबला, आणि माई बोलायला लागल्या. न अडखळता. “हं, तर गोडा मसाला. धने आधी भाजायचे, घाई करायची नाही...”

नाना आंब्याची कोय हातात धरून तसेच बसून राहिले. गोडा मसाला संपल्यावर म्हणाले, “सुहास, वाटी घे. श्रीखंड खाल्लंस ते कळलंय मला. आंबाही खा.”

लेक आली, तिने सगळं ऐकलं. मी सात सीडी काढून दिल्या... बरं, चार. तज्ज्ञ मंडळींना विचारलं, तर म्हणाले, शिफ्ट निसटलं असेल. मग फोल्डर कचरापेटीत सापडलं असतं. ती मी सतरा वेळा उघडून पाहिली होती, रिकामी होती. कोणी म्हणालं, तू मुळात काढलंच नसशील. पण मग ते स्क्रीनवरून गेलं कुठे, आणि नानांनाही का दिसलं नाही? मला अजून माहीत नाही. माझ्या मुलीचे सगळे फोटो मात्र मी ‘कचरा’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो.

त्या दिवशी आम्ही तेविसावी फाइलही ऐकली होती. पुरणपोळी संपते आणि माई विचारतात, “अहो, चुकून कोणी पुसलं हे तर?”

मागून नानांचा आवाज येतो, “नाव बघ काय ठेवलंय. कोण नेतंय?”

मग माई हसतात, चांगल्या खळखळून, आणि म्हणतात, “बंद करा आता, दूध उतू जाईल.”