वत्सला कोण?

माझी आई कारैकालला जन्मली तेव्हा तिथे फ्रेंचांचं राज्य होतं. त्या आधारावर फ्रान्सचं नागरिकत्व मागता येतं असं कळलं आणि १९९४ साली मी तंजावुरहून पाँडिचेरीला सात खेपा घातल्या. शेवटी तिचा जन्मदाखला मिळाला. त्यावर नाव अलमेलु. बाकी सगळ्या कागदांवर वत्सला.

"या दोन वेगळ्या बायका आहेत," तमिळ वकील म्हणाले.

"अहो, आम्हा मराठ्यांत नवरा लग्नात तांदळावर बोटाने बायकोचं नवं नाव लिहितो!"

"मग पुरावा आणा."

"त्या तांदळाचा भात होऊन छत्तीस वर्षं झाली!"

घरी येऊन मी आईवरच तणतणलो. "नाव बदललं तेव्हा एक कागद करून ठेवता आला नाही?"

आई चिंच कोळत होती. "तांदळावर काय लिहिलं ते मलाच कळलं नव्हतं. मला देवनागरी कुठे वाचता येत होती? दुसऱ्या दिवशी सासूबाई 'वत्सला, वत्सला' म्हणून ओरडत होत्या. ओ दिली नाही म्हणून मी बोलणी खाल्ली."

"का नाही दिलीस?"

"मला वाटलं, ती दुसरीच कोणीतरी आहे."