तांदळात पुरलेला कन्सोल

ओल्या तांदळाचा वास आला की श्रावणातला तो शनिवार आठवतो. मोखाड्याच्या घरी मी आणि सासूबाई होतो. नाशिकला नर्स असलेली लेक संध्याकाळच्या जीपने येणार होती. पगारातून साठवून तिने पन्नास हजारांचा गेमचा कन्सोल घेतला होता आणि हॉस्टेलवर चोरीला जाईल म्हणून आमच्याकडे ठेवला होता. मी खिडकी उघडी ठेवली आणि तो पावसाने भिजला. भिजलेला मोबाईल ठेवतो तसा मी तो तांदळाच्या डब्यात पुरला. दुपारी काढला तर आत कण्या वाजू लागल्या. “पोरीच्या पगाराचा खुळखुळा केलास की गं!” सासूबाई म्हणाल्या. उलटा करून कितीही हलवला तरी आवाज जाईना. संध्याकाळी बाहेर जीपचा हॉर्न वाजला आणि मी तो पुसून जागेवर ठेवला. लेकीने आल्या आल्या बटण दाबलं. आतला पंखा करकरला आणि बंद पडला. “आई, नवाकोरा आहे गं हा!” ती रडवेली झाली. पुढे नाशिकच्या दुरुस्तीवाल्याने तो उघडला, आत उंदराने दाणे साठवलेत असं सांगितलं आणि सहा हजार घेतले. तेव्हापासून ती घरी आली की आधी उंदरांचा पिंजरा लावते. त्यात आजवर एकही उंदीर सापडलेला नाही, आणि तिला खरं सांगायचं माझ्याकडून अजून राहिलंच आहे.